तीन तारा आबांच्या

तोताराम आबांना लकवा होऊन सात महिने झाले होते. मे १९८६ मधल्या एका दुपारी त्यांची धाकटी सून बेबाबाई खाटेशेजारी बसून आपलं वाद्य लावत होती. दुसरी तार पहिलीशी पुरती जुळायच्या आत तिचा हात थांबला. त्या अर्धवट जुळलेल्या तारेने पुढची सात वर्षं तिला त्या खाटेपासून हलू दिलं नाही.

तसलं वाद्य असोद्यात दुसरं नव्हतं. गिटारपेक्षा लहान, चार तारांचं, चिंचोक्याच्या रंगाचं. त्याचं नाव बॅरिटोन युकलेली. घरात त्याला बाजा म्हणत. बेबाबाईचे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते आणि रेल्वे कॉलनीत त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एका गार्डची विधवा, ग्रेस आंटी, एकटी राहायची. कॉन्व्हेंटची शाळा सुटली की बेबी, म्हणजे लहानपणची बेबाबाई, तिच्या पायरीवर जाऊन बसे. आंटीने तिला पुष्कळ गाणी शिकवली, पण त्याआधी वर्षभर नुसत्या तारा लावायला शिकवल्या. डी, जी, बी, ई. जाडीपासून बारकीपर्यंत, डोळे मिटून.

"बजाना तो कोई भी सीखेगा," आंटी तिच्या तुटक्या हिंदीत म्हणायची. "मिलाने को कान चाहिए. तेरे पास है."

१९७१ च्या डिसेंबरात आंटी भावाकडे ऑस्ट्रेलियाला गेली. जाताना वाद्य आणि नायलॉनच्या तारांचे दोन जोड बेबीला देऊन गेली. पुढच्या उन्हाळ्यात बेबीचं लग्न झालं आणि ती असोद्याला, केळी आणि कापूस करणाऱ्या नारखेड्यांच्या घरात आली. आबांचा थोरला मुलगा जीवराम शेती पाहायचा. धाकटा लीलाधर, म्हणजे बेबाबाईचा नवरा, जळगावच्या एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर होता.

ते दोन जोड तिने बारा वर्षं पुरवले. वाजवून झालं की तारा सैल करायच्या, एका टोकाला झिजल्या की उलट्या करून बसवायच्या. १९८४ साली शेवटची तार तुटली. लीलाधरने जळगावहून मेंडोलिनच्या पोलादी तारा आणून दिल्या. त्या चढवल्यावर आठवड्यात पोटावरची घोडी, तारा जिला बांधतात ती पट्टी, नखभर उचलली गेली. वाद्य पोलादाचा ताण सोसणारं नव्हतं. तिने घाबरून तारा काढून टाकल्या.

त्याच दिवाळीत हिलाल पिंजारी गाद्या पिंजायला अंगणात आला. त्याच्या पिंजणीची तात, ती कापसावर टणत्कार करणारी आतड्याची दोरी, बेबाबाई ओट्यावरून कितीतरी वेळ ऐकत राहिली.

"भाई, ही तात बारीक करून मिळेल का?"

"किती बारीक?"

तिने नायलॉनचा तुकडा दाखवला. हिलाल हसला. "बाई, एवढ्या बारीक तातीनं पिंजायचं काय, मिशा?" पण त्याने तात भिजवली, उलगडली, दोन-दोन पदर वेगळे काढून पुन्हा पिळली आणि चार दिवसांनी चार तारा आणून दिल्या. तरीही त्या जाडच होत्या. मानेवरच्या खाचांमध्ये बसेनात, म्हणून बेबाबाईने कानशीने खाचा रुंद केल्या. आंटीच्या स्वरांपर्यंत ती तात चढत नव्हती, चढवली की तुटायची. मग तिने सगळंच खाली उतरवलं आणि पहिल्या दोन तारा तंबोऱ्याच्या जोडासारख्या एकाच स्वराला लावायचं ठरवलं. आवाज घुमा यायचा. आंटीची गाणी त्यात बसत नव्हती. पण काहीतरी वाजत होतं.

आणि मग आबा आडवे झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी आबा दिवसभर "ऊं... ऊं..." असा एकसुरी आवाज काढत. दुखत नव्हतं काही, डॉक्टरांनी तपासलं होतं. पण तो आवाज थांबायचा नाही. जेवताना, पाहुणे आले असताना, बेबाबाईच्या मुलींचा अभ्यास चालू असताना, सतत.

त्या दुपारी बेबाबाई तारा लावत होती. वाद्याची पाठ खाटेच्या गातीला, म्हणजे बाजूच्या लाकडी दांड्याला, टेकली होती. दुसरी तार पहिलीच्या अगदी जवळ आली, पण एक झाली नाही. अशा दोन तारा एकदम छेडल्या की आवाज सरळ जात नाही, लाटेसारखा वर-खाली होतो. भक, भक, भक. आबांचं "ऊं" थांबलं. तिने मान वर करून पाहिलं. ते छताकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा सैल पडला होता. तिने खुंटी पिळून तार नीट जुळवली. आवाज सरळ झाला आणि आबा पुन्हा कण्हायला लागले.

तिने तार केसभर उतरवली. आबांचे डोळे मिटले.

तिला उमगायला दोन दिवस लागले. आबा तीस वर्षं मळ्यात विहिरीच्या काठावर झोपले होते, भक-भक करणाऱ्या ऑइल इंजिनपासून दहा हातांवर. इंजिन चालू असलं की केळीला पाणी जातंय, म्हणजे झोपायला हरकत नाही. ते बंद पडलं की आबा खडबडून उठायचे. त्र्याऐंशी साली विजेची मोटर बसली आणि इंजिन विकून टाकलं. मोटरीचा आवाज विहिरीच्या तळाशीच राहतो. आता सात महिने हा माणूस बंद पडलेल्या इंजिनापाशी जागा होता.

तिने तिसरी तारही त्याच स्वराला आणली. पहिली खरी, दुसरी केसभर उतरलेली, तिसरी केसभर चढलेली. अंगठ्याने तिन्ही छेडल्या की खाटेची गात थरथरायची. आबा दोन-दोन तास झोपायला लागले.

गावाला मात्र वेगळंच कळलं. जाऊबाई, लताबाई, पाण्याला गेली तिथे म्हणाली, "आमची बेबा आबाले भजन ऐकवते. भजन सुरू झालं का आबाचे डोये लागले म्हनून समजा." तिने ते चांगल्या मनाने सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून बायका ओट्यावर येऊन टेकू लागल्या. कोणी हात जोडायची. एका म्हातारीने आपल्या सुनेला आणून बेबाबाई दाखवली. "पाहून घे. आशी असते सून."

बेबाबाईने खरं सांगून पाहिलं. "भजन नाही हो. इंजिन आहे ते."

"हो माय," म्हातारी म्हणाली, "त्याच्या नावाचंच इंजिन."

आणि सगळ्या खूष होऊन हसल्या.

वर्षभरात बेबाबाईच्या दिवसाचे तुकडे ठरून गेले. सकाळी दहा ते बारा, दुपारी दोन ते चार, संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा. माहेरी जाणं बंद झालं. मुलींच्या शाळेतला कार्यक्रम लताबाई पाहून आली. जिला लहानपणापासून सूर जुळवण्याचंच वेड, तिने रोज सहा-सहा तास, मुद्दाम, मोजूनमापून बेसूर वाजवायचं. पहिल्या महिन्यात तिचं डोकं चढायचं. पुढे एकदा लीलाधरच्या रेडिओवर बासरी लागली होती. ती बेबाबाईला लाटेवाचून फार कोरडी वाटली, आणि हे लक्षात आलं तेव्हा ती चुलीपुढे बसून घाबरून गेली. तिचा कान बिघडत चालला होता.

एप्रिल सत्याऐंशीमध्ये तिचा भाऊ रुपचंद आला. तो एसटीत कंडक्टर, भुसावळ-धुळे गाडीवर. त्याच्या गाडीने नेहमी येणाऱ्या प्रमिला मॅडम जळगावात इंग्रजी बालवाडी काढत होत्या. त्यांना इंग्रजी बडबडगीतं वाद्यावर वाजवून शिकवणारी बाई हवी होती.

"मी तुझं नाव सांगून टाकलं," रुपचंद म्हणाला. "एकवीस मे, गुरुवार, सकाळी अकरा. शाळा पंधरा जूनपासून. आठ ते एक."

"दाजी काय म्हणाले?"

"भुसावळला शिकली ती कशासाठी, असं तेच म्हणाले."

लीलाधर खरोखर तसं म्हणाला होता. तो वाईट माणूस नव्हता. फक्त आठ ते एक या वेळात आबांपाशी कोण बसणार, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नव्हता.

बेबाबाईच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. आठची बस, शाळेचा वर्ग, पंचवीस पोरं आणि जुळलेल्या चार तारा. तातीवर ती गाणी वाजणार नव्हती. जळगावात नायलॉन मिळालं नाही, म्हणून रुपचंदने धुळ्याच्या वाद्यांच्या दुकानातून गिटारच्या तारांचा जोड मिळवला. गिटारच्या खालच्या चार तारा म्हणजे नेमक्या आंटीच्या डी, जी, बी, ई. पण नायलॉन नवं असलं की ताणलं जातं आणि स्वर उतरत राहतो. तीन-चार दिवस पुन्हापुन्हा चढवावं लागतं. म्हणून अठरा मे, सोमवारी सकाळी तिने आबांच्या तारा काढल्या. रुंद केलेल्या खाचांत नायलॉन खडखडू लागलं. तिथे तिने पोस्टकार्डाच्या बारीक घड्या बसवल्या. संध्याकाळी चारी तारा स्वराला आल्या आणि पंधरा वर्षांपूर्वीचा, आंटीच्या पायरीवरचा आवाज वाद्यातून निघाला. तिने वाद्य छातीशी घट्ट धरलं.

आतल्या खोलीत आबा कण्हत होते. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. जीवरामभाऊ जेवता जेवता ताटावरून उठले.

"तीन दिवसांची गोष्ट आहे, भाऊ," ती म्हणाली.

"तीन दिवसांचीच ना?" भाऊंनी विचारलं. बेबाबाईने त्यांचं ताट उचललं.

गुरुवारी ती जळगावला गेली. प्रमिला मॅडमनी तीन गाणी ऐकली आणि तिसऱ्याला स्वतःच टाळ्यांनी ताल धरला. "तुम्ही इतकी वर्षं होतात कुठे हो?" त्या म्हणाल्या. "वाद्य रोज बसमधून आणू नका, फुटेल. शाळा गिटार घेईल. त्याच्या चार तारांवर तुमचं काम होईल ना?"

"होईल."

"मग पंधरा जून, सोमवार. मी दुसऱ्या कोणाला बोलावत नाही."

परतीच्या बसमध्ये तिने हिशेब मांडला. वाद्य घरीच राहणार, म्हणजे त्यावर तात चढवून ठेवता येईल. तिन्ही तारा आधीच लावून ठेवल्या तर बोटं लावायचंही काम नाही. नुसता अंगठा फिरवायचा. ते तर कोणीही करील. ती असोद्याला उतरली तेव्हा इतकी हलकी झाली होती की वाटेत गोठ्यापाशी थांबून वासराला खाजवलं.

घरात शांतता होती. आबा जागे होते, कण्हून कण्हून त्यांचा आवाज बसला होता. त्यांचा डावा हात धोतराच्या पट्टीने खाटेच्या गातीला बांधलेला होता. मनगटाला वळ आला होता.

"कपायावर मारून घेत होते," लताबाई दारात उभी राहून म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "रक्त आलं. मी काय करू, तू सांग. मले काही बांधायची हौस आहे का?"

बेबाबाईने गाठ सोडली. नवी चप्पलही न काढता ती खाली बसली आणि नायलॉन उतरवायला घेतलं. डी काढली, जी काढली, बी काढली आणि तिथे तात चढवली. ई तेवढी काढली नाही. इंजिनाला तीनच तारा पुरत होत्या.

हाती पंचवीस दिवस होते. दुसऱ्या दिवसापासून तिने लताबाईला शिकवायला घेतलं. पहिली दहा मिनिटं झकास गेली. आबा झोपले. लताबाई कौतुकाने इकडेतिकडे पाहू लागली. मग तात उन्हाने ताणली, लाट भराभर धावू लागली आणि आबा जागे झाले.

"अक्का, दुसरी जराशी उतरवा."

"किती?"

"भक-भक संथ होईपर्यंत."

"मले तर सगळं एकच ऐकू येतं वं." लताबाईने खुंटी पिळली. तारा नेमक्या जुळल्या, आबांनी सूर लावला. तिने उलटी पिळली, तर मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला. दोघी हसल्या. आठवडाभर रोज हसल्या. आठव्या दिवशी लताबाईने वाद्य खाली ठेवलं आणि म्हणाली, "माहा कान नाही त्यातला, बेबा. उगा आशा लावू नको."

लीलाधरने मिलमधल्या मित्राचा टेपरेकॉर्डर आणला. दीड तासाची कॅसेट भरली. आबांनी पाच मिनिटं ऐकलं आणि कण्हायला लागले. डब्यातून येणाऱ्या आवाजाने खाट थरथरत नव्हती. डबा गातीवर ठेवून पाहिला, उशीखाली ठेवून पाहिला. मग वीज गेली.

"मग तुम्ही शिका," ती नवऱ्याला म्हणाली. "कान तुमचा बरा आहे. गुणगुणता तेव्हा सुरात असता. दुपारपाळी मागून घ्या."

लीलाधर ओट्याकडे पाहत राहिला. तिथे दोन बायका भजनाची वाट पाहत बसल्या होत्या. "मी मांडीवर बाजा घेऊन बसू? ह्यांच्यासमोर?"

"मी बसते ना."

"तुझं वेगळं." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "एखादं वर्ष थांब, बेबा. आबा काय आता..."

ते अर्धं वाक्य तिच्या कानात राहिलं. त्या दिवसापासून आबांना घास भरवताना तिला त्यांचं मनगट किती बारीक झालंय हे दिसू लागलं आणि आपण काय मोजतोय हे कळलं की ती घाईने पुढचा घास भरवी. एकदा डॉक्टर म्हणाले, "नाडी उत्तम आहे हो, तुमच्या सेवेचं फळ." ती मान खाली घालून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मळ्याचंही तिने काढून पाहिलं. आबांना मळ्यात नेऊ, कोणाचं जुनं इंजिन मागून आणू. जीवरामभाऊ शांतपणे म्हणाले, "गाव म्हणेल, सुनेनं नोकरीसाठी सासऱ्याला विहिरीवर टाकला. तुझं एवढं नाव झालंय. घालवू नको."

तेरा जूनला तिने पत्र लिहिलं. कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात, इंग्रजीत, सात ओळी. लीलाधरने ते पेटीत टाकलं. येताना त्याने तिच्यासाठी चमेलीचा गजरा आणला. तिने तो माळला. पंधरा जूनला सकाळी आठची बस फाट्यावरून गेली तेव्हा तिच्या अंगठ्याखाली तीन तारा होत्या आणि आबा घोरत होते.

चौथी तार तशीच राहिली होती. पावसाळ्यात तात फुगायची, दर अर्ध्या तासाने खुंट्या पिळाव्या लागायच्या. नायलॉनची ई मात्र जागची हलत नव्हती. असंच एका दुपारी बेबाबाईची करंगळी तिच्यावर गेली. इंजिनाच्या घरघरीवर तो बारीक स्वर स्वच्छ उभा राहिला. तिने डाव्या हाताने मानेवरच्या पट्ट्यांवर बोट सरकवलं. आंटीने शिकवलेलं बदकांचं इंग्रजी गाणं एका तारेवर बसत होतं. पहिल्या दिवशी तिने चार स्वर वाजवले. आबा झोपलेलेच. मग आठ. गौरी-गणपतीपर्यंत सगळं गाणं जमलं. अंगठा इंजिन चालवत होता, करंगळी बदकं. ओट्यावरच्या बायकांना त्यातला फरक कळला नाही. मोठ्या मुलीला कळला. ती दप्तर टाकून दारातच थांबली आणि हसली.

असं सव्वा वर्ष गेलं. रोज एकदा, चारच्या सुमाराला, ते गाणं.

ऑक्टोबर अठ्ठ्याऐंशीमधल्या एका दुपारी गाणं अर्ध्यावर आलं असताना आबांनी डोळे उघडले. त्यांनी डावा हात उचलला. तो हळूहळू खाटेवरून पुढे आला आणि त्यांनी तर्जनी चौथ्या तारेवर ठेवली. तार मुकी झाली. बेबाबाईला वाटलं, हात चुकून पडला असेल. तिने वाट पाहिली. पण आबा सरळ तिच्याकडे पाहत होते आणि बोट दाबत होते. शेताचा बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याकडे पाहावं तशी ती नजर होती. त्यांना तीन तारा हव्या होत्या. चौथी नको होती.

ओट्यावर लताबाई तूर निवडत होती. सुपाचा आवाज येत होता.

बेबाबाईने आबांचं बोट उचललं. ओढलं नाही, झटकलं नाही. सकाळी नखं कापताना धरते तसं धरून बाजूला घेतलं आणि गोधडीवर ठेवलं. मग अंगठा थांबवला आणि नुसत्या चौथ्या तारेवर गाणं पहिल्यापासून सुरू केलं. आबा कण्हायला लागले.

"काय झालं वं?" बाहेरून लताबाईने विचारलं. "बंद पडलं का?"

"सुरू करते," बेबाबाई म्हणाली. "दोन मिनिटं, अक्का."

गाणं दोन मिनिटांचंच होतं. आबा दोन मिनिटं मोठमोठ्याने कण्हत राहिले, त्यांचा हात गोधडीवर आपटत राहिला, आणि तिने एकही स्वर न गाळता ते शेवटपर्यंत वाजवलं. मग उन्हाने चढलेली दुसरी तार पुन्हा केसभर उतरवली आणि इंजिन सुरू केलं.